सुष्ट-दुष्टांच्या कादंबरीत रसदीचा हिशेब

सुष्ट आणि दुष्ट यांच्या लढाईची अद्भुत कादंबरी लिहायला घेतली की बहुतेक जण नायकापासून सुरुवात करतात. अनाथ पोर, त्याच्या दंडावरची खूण, म्हातारा गुरू, पुरून ठेवलेली तलवार. पहिली शंभर पानं झरझर होतात आणि मग लेखन अडतं. याचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं: दुष्ट माणसाला नेमकं काय हवंय आणि त्यासाठी तो उद्या सकाळी काय करणार आहे, हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. तो आपला उत्तरेच्या किल्ल्यात बसून नायक येण्याची वाट बघतो. वाट बघणारा शत्रू कितीही अक्राळविक्राळ रंगवला तरी त्याची भीती वाटत नाही.

म्हणून आधी दुष्टाची दिनदर्शिका लिहा.

नमुन्यादाखल एक खलनायक घेऊ. नाव रेवत. मूळचा राज्याच्या कोठारांचा अधिकारी. लागोपाठ तीन दुष्काळ पडले तेव्हा त्याने सगळं धान्य एका हाताखाली आणलं, मोजून वाटलं आणि खरोखरच माणसं जगवली. चौथ्या वर्षी पाऊस झाला, पण कोठारांच्या किल्ल्या त्याने परत दिल्या नाहीत. आता ज्या गावातून तक्रारीचा सूर निघतो त्या गावाचा शिधा थांबतो. ना शिंगं, ना लाल डोळे, आणि तरी हा माणूस घाबरवतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारे लोक खोटं बोलत नसतात. त्याने त्यांना वाचवलेलं असतं.

कादंबरीचा काळ दहा महिन्यांचा धरा. नायिका जन्मालाच आली नाही असं समजून रेवतचे हे दहा महिने महिनावार लिहून काढा. पहिल्या महिन्यात सुगीची वसुली. दुसऱ्यात नदीवरच्या पुलाचा ताबा. चौथ्यात उरल्यासुरल्या स्वतंत्र शहराशी धान्याचा करार. सातव्यात त्या शहराची स्वतःची कोठारं रिकामी. दहाव्यात राज्याभिषेक. दोन-तीन पानं पुरतात. मग त्यात नायिका सोडा आणि बघा, तिच्यामुळे कुठल्या महिन्याचं काम पहिल्यांदा बिघडतं. तिथे रेवतला योजना बदलावी लागते, आणि त्या बदलातून पुढची तीन-चार प्रकरणं मिळतात. एक लाख शब्दांच्या कादंबरीत चाळीस हजारांच्या आसपास जी मरगळ येते तिच्यावर मला माहीत असलेला हा एकमेव खात्रीचा उपाय आहे. मधल्या भागात नायक चालत असतात आणि शत्रू थांबलेला असतो, म्हणून तो भाग मेल्यासारखा होतो. शत्रूही चालत राहिला तर नायकांच्या प्रत्येक मुक्कामाला किंमत येते.

त्याच्या हाताखालचे लोक त्याचं का ऐकतात, हेही नावानिशी लिहा. कुणी पगारासाठी, कुणी भीतीने, कुणाचा खरंच विश्वास आहे, कुणाची मुलगी त्याच्या ताब्यात आहे. सगळे भीतीनेच बांधलेले दाखवले तर पहिल्या पराभवानंतर सैन्य का फुटत नाही, याचं उत्तर देता येत नाही. पैकी दोघं तरी असे हवेत की ते सोडून गेले तर काय, या विचाराने रेवतची झोप उडते.

आता माझा मुख्य आग्रह. चांगुलपणा आणि दुष्टपणा यांतला फरक भाषणांत न राहता दिवसांच्या आणि धान्याच्या हिशेबात दिसला पाहिजे. नायिका दयाळू आहे हे शंभर वेळा सांगून काही होत नाही. तिच्याकडे सहा जणांचं पाच दिवसांचं धान्य आहे, पुढचं गाव चार दिवसांवर आहे आणि वाटेत तीन भुकेली माणसं भेटतात, इथे दया म्हणजे काय ते कळतं. सहा जणांचं पाच दिवसांचं म्हणजे तीस शिधे. नऊ जणांना ते तीन दिवस आणि वर थोडं पुरतात, म्हणजे शेवटचा दिवस उपाशी चालायचा. हा आकडा वाचकाला आधीच माहीत असेल तर ‘या, बसा’ एवढे दोन शब्द पुरेसे होतात. आकडाच नसेल तर तेच दोन शब्द फुकटचे.

यासाठी लेखकाला थोडं गणित लागतं. त्यातलं पहिलं अंतराचं.

बऱ्या रस्त्यावर ओझं घेतलेला निरोगी माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू शकतो. वाट नसलेल्या दाट रानात हाच आकडा दहाच्या आसपास येतो. डोंगरासाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली बसवलेला ठोकताळा अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढलेल्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. खिंड १८०० मीटर उंचीवर असेल आणि पायथा ६०० वर, तर नुसत्या चढाईचे दोन तास वाढतात. बर्फ, जखमी सोबती, लहान मूल यांचा वेळ त्याहून वेगळा.

घोडा हे वाहन नाही, हे बहुतेक हस्तलिखितांत विसरलं जातं. घोडा चालतो ताशी सहा-सात किलोमीटर, दुडक्या चालीने बारा-तेरा. चौखूर उधळतो तेव्हा चाळिशी ओलांडतो, पण ते दोन-चार किलोमीटरपुरतंच. एकाच घोड्यावर रोज सलग जायचं तर ४० ते ५० किलोमीटर हा शहाणपणाचा आकडा. त्याला दिवसाला साधारण दहा किलो दाणा-वैरण आणि २५ ते ४० लिटर पाणी लागतं. रात्रभर घोडा फेकून पहाटे लढाईला उभा राहिलेला नायक जिंकणार असेल तर मधे कुठेतरी त्याने घोडा बदललेला असला पाहिजे.

फौजेची गोष्ट आणखी निराळी. दहा हजार पायदळ चार-चारच्या रांगेत, दोन रांगांत दोन मीटर अंतर, म्हणजे पाच किलोमीटर लांबी झाली. त्यामागे पाचशे बैलगाड्या, प्रत्येकीला दहा मीटर, म्हणजे आणखी पाच. बैल ताशी तीन किलोमीटरने चालतो, म्हणून बिनीची तुकडी निघाल्यानंतर शेवटची गाडी हलायला तीन तासांहून जास्त वेळ जातो. बुणगे, पाण्याचे उतार, मोडलेली चाकं धरली तर अशी फौज दिवसाला १५ किलोमीटर गेली तरी बरी चालली म्हणायची. ‘सैन्य रातोरात येऊन ठेपलं’ हे वाक्य लिहिताना हा दहा किलोमीटरचा साप डोळ्यांपुढे आणावा. त्याची धूळ दिसते, त्याचा आवाज येतो, त्याच्या वाटेवरची गावं आधी पळत सुटतात. नायकाला बातमी लागायला जादूचा आरसा लागत नाही.

आता निरोप. रेवतचं राज्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६०० किलोमीटर आहे असं धरू. एकटा स्वार बारा दिवसांत जाईल, उत्तर घेऊन यायला आणखी बारा. टप्प्याटप्प्याला ताजे घोडे ठेवले तर चित्र पालटतं. अमेरिकेत १८६० आणि १८६१ मध्ये चाललेल्या घोड्यांच्या टपालाने सुमारे ३१०० किलोमीटर अंतर साधारण दहा दिवसांत तोडलं, म्हणजे दिवसाला तीनशेच्या घरात. ठाणी मात्र दर १५ ते २५ किलोमीटरला होती. रेवतला ६०० किलोमीटरसाठी तीसेक ठाणी लागतील. प्रत्येकी सहा घोडे धरले तर १८० घोडे, आणि रोजची जवळजवळ दोन टन दाणा-वैरण. ज्याच्या हातात कोठारं आहेत त्याला ते परवडतं. म्हणजे चार दिवसांत निरोप जाऊन उत्तर येतं.

इथेच दुष्टपणाचा हिशेब मांडायचा. रेवतचा कुणावरही विश्वास नाही, म्हणून सीमेवरच्या सरदाराला स्वतःच्या अखत्यारीत पूलसुद्धा तोडता येत नाही. प्रत्येक प्रश्न राजधानीत जातो आणि चार दिवसांनी परततो. नायिकेला (हिचं नाव अन्वी ठेवू) हीच चार दिवसांची फट मिळते. मधलं एक ठाणं जळालं तर फट वाढते. उलट अन्वीच्या माणसांना जागच्या जागी निर्णय घ्यायची मुभा आहे. त्याचीही किंमत असली पाहिजे, नाहीतर तो चांगुलपणा स्वस्त होईल: तिने विश्वास टाकलेला एक जण मनापासून चुकीचा निर्णय घेतो आणि एक अख्खं गाव जातं. पुढच्या वेळी ती पुन्हा विश्वास टाकते की नाही, तिथे कादंबरीचा कणा आहे.

अन्नाचं गणित सोपं आहे. चालणाऱ्या माणसाला दिवसाला सुमारे एक किलो धान्य लागतं, पाणी तीन-चार लिटर, उन्हाळ्यात बरंच जास्त. दहा दिवसांचं धान्य म्हणजे पाठीवर दहा किलो. पाणी तसं वाहता येत नाही, म्हणून वाळवंटातल्या वाटा विहिरींवरून जातात आणि विहिरीवर शत्रू बसला की वाट संपते. खेचर शंभर किलो वाहतं. चरायला गवत नसेल तर स्वतःच रोज चार-पाच किलो दाणा खातं. म्हणजे वीस-बावीस दिवसांत ते सगळं ओझं त्याच्याच पोटात जातं आणि माणसांसाठी काही उरत नाही. उजाड प्रदेश किती रुंद असला म्हणजे तो पार करताच येणार नाही, हे या एका आकड्यावरून ठरवता येतं. नकाशा काढताना तो जवळ ठेवावा.

दहा हजारांच्या फौजेला रोज दहा टन धान्य. गाडीत पाचशे किलो मावतं असं धरलं तर रोजच्या वीस गाड्या, पंधरा दिवसांच्या मोहिमेला तीनशे. त्या गाड्यांच्या सहाशे बैलांचा चारा वेगळा. म्हणून फौजा नदीकाठाने सरकतात, नावेतून धान्य आणतात, सुगीनंतर निघतात, आणि शत्रूच्या मुलखात शिरल्या की लूट करतात. नेपोलियन १८१२ च्या जूनमध्ये रशियात शिरला. त्याची मुख्य फौज मॉस्कोला पोचेपर्यंत भूक, रोगराई, पळून जाणारे सैनिक आणि मागे ठेवावी लागलेली ठाणी यांत निम्म्याहून अधिक घटली होती, आणि तोवर हिवाळा सुरूही झाला नव्हता. सुष्टांच्या फौजेलाही पोट असतं. ती कुणाचं धान्य घेते, दाम देऊन घेते की हिसकावून, दाम संपल्यावर काय करते, हे प्रसंग लेखकाने टाळले तर सुष्टपणा फक्त झेंड्याच्या रंगात उरतो.

काळ्या आकाशाबद्दल. अंधाराच्या स्वामीने सूर्य झाकला, ही कल्पना फार वापरली जाते आणि तिचा परिणाम फक्त मन उदास होण्यापुरता दाखवतात. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ च्या एप्रिलमध्ये फुटला. पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान एका अंशाहूनही कमी उतरलं, तेवढ्यात युरोपात पिकं बुडाली, भाकरीसाठी दंगली झाल्या आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये हिमवर्षाव झाला. एक अंशही नाही! मग सूर्यच झाकला तर सहा महिन्यांत अंधाराच्या स्वामीचं सैन्यही उपाशी मरेल. लेखकापुढे दोनच रस्ते: त्याने आधी काही वर्षांचं धान्य साठवलं आहे हे पहिल्या भागात दाखवायचं, किंवा त्याची सेना अन्नावर जगत नाही हे ठरवायचं. दुसरा रस्ता घेतला तर मग ती सेना गावं का लुटते, याचं उत्तर लागेल.

उडणाऱ्या राक्षसी प्राण्यांचंही तसंच. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलेला नियम असा की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते, म्हणजे वजनाच्या मानाने हळू. १९० किलोचा सिंह दिवसाला सरासरी सहा किलो मांस खातो असं धरलं तर पाच टनांच्या उष्ण रक्ताच्या ड्रॅगनला सत्तर किलोच्या आसपास लागेल. म्हणजे रोज तीन-चार मेंढ्या, वर्षाला हजाराहून जास्त. सरपटणाऱ्या प्राण्यांसारखा थंड रक्ताचा ठेवला तर एक दशांशात भागतं, पण मग तो थंडीत आणि रात्री सुस्त पडेल. दोन्हींतून छान कथानक निघतं. पहिल्यात गुराख्यांची गावं रेवतवर चिडलेली असतील, दुसऱ्यात हल्ल्याची वेळ पहाटेची ठरेल. आणखी एक: नायकाच्या बाजूला उडणारा प्राणी द्यायचा असेल तर पहिल्याच दिवशी त्यावर बसून थेट किल्ल्यात का जात नाहीत, हा प्रश्न वाचक विचारणारच. उत्तर प्राणी पहिल्यांदा दिसतो त्याच प्रकरणात असावं. नंतर दिलेलं उत्तर सबब वाटतं.

जादूसाठी मी पाच प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून घ्यावी असं म्हणेन: कोण करू शकतं, शक्ती कुठून येते, किती अंतरावर चालते, दिवसाला किती वेळा, आणि बिघडली तर कुणाला लागते. बिघाडाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. शक्ती मांत्रिकाच्या शरीरातून येते असं ठरवलं तर साध्या भौतिकशास्त्रातून फार गमतीशीर मर्यादा हाती लागतात. १५ लिटरची बादली साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण १२०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे माणसाच्या दिवसभराच्या जेवणाचा अर्धा-एक तृतीयांश भाग. उलट एक टनाचा दगड शंभर मीटर वर उचलायला जेमतेम २३४ किलोकॅलरी पुरतात. आगीची जादू महाग आणि दगड हलवण्याची स्वस्त, असं जग उभं राहिलं की ते कुणाचीही नक्कल वाटत नाही. मांत्रिक सतत भुकेले, हाडं दिसणारे, आणि वेढ्यात पहिला शिधा त्यांना द्यावा लागतो म्हणून सैनिकांच्या डोळ्यांत खुपणारे. रेवतला मांत्रिक वश का आहेत तेही आपोआप कळतं: धान्य त्याच्याकडे आहे.

सुष्टांची जादू स्वतःच्या शरीरातून आणि दुष्टांची दुसऱ्याच्या शरीरातून, ही विभागणी ढोबळ असली तरी उपयोगी आहे, फक्त एका अटीवर. नायिकेलाही दुसऱ्याची शक्ती ओढता आली पाहिजे. जमतच नसेल तर तिने ती टाळली यात तिचं काय कर्तृत्व? तिला येतं, तिने एकदा केलं आहे, त्याचा फायदा झाला आहे, आणि शेवटच्या प्रसंगी समोर तेवढाच मार्ग दिसतो आहे. पकड इथे येते. शेवटच्या लढाईत अचानक नवी शक्ती जागी होणं मात्र ठामपणे टाळावं. शेवटी वापरायची प्रत्येक गोष्ट पहिल्या तृतीयांशात एकदा तरी वाचकाने पाहिलेली असावी, तीही क्षुल्लक कामासाठी वापरलेली.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. एका हाताची तलवार एक ते दीड किलोची असते, दोन हातांची रणांगणावरची दोन-तीन किलोची. दहा किलोची तलवार फक्त चित्रात. पोलादी पत्र्यांचं पूर्ण चिलखत १५ ते २५ किलो, पण ते अंगभर वाटलेलं असल्याने त्यात पळता येतं, पडलं तर उठता येतं. त्रास होतो तो उष्णतेचा आणि दम लागण्याचा. धनुष्याबाबत ‘प्रत्यंचा ताणून तो बोलू लागला’ असं लिहू नये. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यावर शंभराहून जास्त धनुष्यं सापडली, आणि अभ्यासकांच्या अंदाजाने त्यातली बरीचशी पूर्ण ताणायला ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असे. तेवढा जोर धरून कुणी संवाद म्हणत नाही. शिवाय चोवीस बाणांचा भाता मिनिटाला सहाच्या वेगाने चार मिनिटांत रिकामा होतो. बाणांचा साठा संपणं हा लढाईतला फार चांगला क्षण आहे, आणि तो फार कमी लिहिला जातो.

हातघाईची लढाई सलग तासन्‌तास चालत नाही. काही मिनिटं तुटून पडतात, मग दोन्ही बाजू मागे सरकून धापा टाकतात. बहुतेक माणसं रांग मोडून पळू लागल्यावर, पाठीत वार लागून मरतात. म्हणून लढाईचा खरा क्षण रांग मोडण्याचा. ती कुणामुळे मोडली, कुणामुळे टिकली, एवढं ठरलं की लढाई लिहिता येते. एका प्रसंगात एकाच पात्राच्या डोळ्यांनी बघा आणि त्याला एकच निर्णय घ्यायला लावा. मैदानाचा विहंगम देखावा फार तर पहिल्या परिच्छेदापुरता. थकवाही मोजा. इंग्लंडचा राजा हॅरल्ड २५ सप्टेंबर १०६६ ला उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला जिंकला आणि १४ ऑक्टोबरला दक्षिणेत हेस्टिंग्जला मारला गेला. मधे १९ दिवस आणि सुमारे ४०० किलोमीटर. एका विजयाची झीज दुसऱ्या लढाईत कशी उतरते, याचा हा उत्तम धडा आहे. अद्भुत कादंबरीतली फौज मात्र दर लढाईला ताजीतवानी उगवते.

चंद्राच्या चुका तर हमखास सापडतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. नाजूक कोर मध्यरात्री डोक्यावर येऊच शकत नाही. तटावर चढायचं तर शुद्ध अष्टमीच्या उत्तररात्री: आधी उजेडात पोचायचं, मग अंधारात चढायचं. तिथीची रात्र निवडली की प्रसंगाची अर्धी मांडणी फुकट मिळते. तुमच्या जगात दोन चंद्र असतील तर दोघांचंही पंचांग करा, नाहीतर एकच ठेवा.

भविष्यवाणीला मी फारशी जागा देत नाही. एक चाचणी पुरे: भविष्यवाणी खोडून वाचा. पात्रं तरीही तेच करतात का? करत असतील तर ती ठेवायला हरकत नाही, शोभा वाढवते. करत नसतील तर पात्रांना स्वतःची कारणंच नाहीत, आणि दुरुस्ती तिथे हवी.

भाषा हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. अद्भुत म्हटलं की सगळी पात्रं संगीत नाटकातल्यासारखी बोलू लागतात. ‘फौज’, ‘हुकूम’, ‘सरदार’ हे शब्द ऐतिहासिक कादंबरीचा वास आणतात. ‘सेना’, ‘आज्ञा’, ‘सामंत’ पुराणाचा. दोन्ही चालतात, पण एका राज्याला एक वळण द्यावं आणि पाळावं. रेवतच्या दरबारात एक शब्दकळा, डोंगरातल्या लोकांची दुसरी, आणि पात्र एका जगातून दुसऱ्यात गेलं की त्याच्या बोलण्यात झालेली सरमिसळ. तू, तुम्ही आणि आपण हे तर हाताशी असलेलं शस्त्रच आहे. रेवत सगळ्यांना ‘आपण’ म्हणतो, शिधा बंद करतानाही, आणि एकदाच कुणाला तरी ‘तू’ म्हणतो. त्या एका शब्दासाठी वेगळं वर्णन लागत नाही. नावं ठेवताना पहिली अक्षरं वेगळी ठेवा आणि प्रत्यय लावून मोठ्याने म्हणून बघा. जे नाव ‘ने’, ‘ला’, ‘च्या’ लावल्यावर जिभेला अडतं ते तीनशे पानं अडत राहील.

पहिला खर्डा झाल्यावर एक तक्ता करा. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ. लाखभर शब्दांत चाळीस ते साठ ओळी होतात. रकाने असे: तारीख आणि तिथी, ठिकाण, आधीच्या ठिकाणापासूनचं अंतर, कोण हजर, शिल्लक शिधा, खर्च झालेली जादू, रेवत त्या दिवशी कुठे, आणि कुणाला काय माहीत आहे. शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त चुका निघतात. ज्या प्रसंगात पात्र हजरच नव्हतं तिथलं गुपित ते पुढे सहज बोलून जातं. दुरुस्तीच्या फेऱ्या वेगवेगळ्या करा: एक फक्त तारखा आणि अंतरांची, एक फक्त शिध्याची, एक फक्त माहितीची, एक जादूची. सगळं एकदम तपासायला गेलं की डोळा भाषेवर घसरतो आणि विशेषणं बदलण्यात दिवस जातो. रेवतचा रकाना सलग पाच प्रसंग ‘किल्ल्यातच’ असा भरला गेला, तर त्या पाचांत कादंबरी थांबली आहे असं खुशाल समजा.

शेवटाकडे येऊ. रेवत पडला, सैन्य शरण आलं. दोन हजार कैदी उरले, त्यांना रोज दोन टन धान्य लागतं. अन्वीच्या बाजूची गावं वर्षभर उपाशी आहेत आणि कोठारं आता तिच्या ताब्यात आहेत. कैद्यांना मारून टाका म्हणणारा तिच्याच बाजूचा, ज्याचा भाऊ त्यांनी मारला आहे असा माणूस हवा, आणि त्याचं म्हणणं वाचकाला पटण्याजोगं हवं. सोडून दिले तर ते पुन्हा जमतील का? कामाला जुंपले तर मजुरी द्यायची का? त्यात रेवतचे नाइलाजाने सामील झालेले किती, मनापासून किती, हे कोण ठरवणार?

बहुतेक हस्तलिखितं या जागी दोन पानांत राज्याभिषेक उरकतात. इथे किमान पाच हजार शब्द द्यावेत. किल्ल्या एका हातात राहतात की चार जणांत वाटल्या जातात, नोंदवही कुणालाही बघता येते का, आणि पुढचा दुष्काळ पडला तर कोठार उघडायचा अधिकार कुणाचा, ही तीन उत्तरं भाषणातून न देता प्रसंगातून द्यावीत: कुणीतरी शिधा मागायला येतं, मागणारा कालचा शत्रू असतो, आणि मापाशी बसलेल्या माणसाला अन्वीची परवानगी न घेता निर्णय करायचा असतो.